वाटा क्रमांक एकोणचाळीस

तेहतीस वर्षं मी प्रेसमध्ये
छापून आलेल्या नोटांचे ताव तपासले.
शाई जरा पसरली, कड केसभर सरकली
की ताव बाजूला.
निवृत्त झालो, पण हाताची खोड गेली नाही.
लाइटबिल, लग्नपत्रिका, ताटातली पोळीसुद्धा
उजेडासमोर धरून बघतो.

म्हणून शालनला पटेना
की पावती दोनदा वाचणारा हाच माणूस
गिरणाऱ्याच्या कुंदा थेटेला
सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊन आला,
आणि तेही अजून न पेरलेल्या भाजीचे.
"काय बघून दिलेत?"
नांगरलेलं रान बघून.
दुसरं तिथे काही नव्हतंच,
एक टिटवी ओरडत होती तेवढी.

वहीत नाव लागलं:
वाटा क्रमांक एकोणचाळीस, जेलरोड.
दर शनिवारी टेम्पो पाण्याच्या टाकीखाली थांबणार,
भरला क्रेट घ्यायचा, रिकामा परत द्यायचा.
काय येईल ते विचारायचं नाही.

पहिल्या शनिवारी आलं
मांडी घालून बसलेलं एक गाजर,
पाच फाट्यांचा मुळा,
मातीसकट पालक, आणि पालकात
एक गुबगुबीत अळी, जी मी
गच्चीतल्या कुंडीत नेऊन सोडली.
सगळं ओट्यावर ओळीनं मांडून
मी बाद माल निवडायला लागलो.
"सरका," शालन म्हणाली, "मला फोडणी टाकायचीय."

मग पाच शनिवार दुधी.
दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, दुधीचा हलवा,
सालींची चटणी.
समोरच्या फडोळांनी तर
आमची बेल ओळखून दार उघडणं सोडलं.

शालनचं दुखणं वेगळंच होतं.
बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
तिची चाळीस वर्षांची घासाघीस:
पिशवी झटकून चालू लागायचं,
चौथ्या पावलाला हाक ऐकू येते,
तेव्हा नाखुशीनं वळायचं
आणि वरून मूठभर मिरच्या मिळवायच्या.
क्रेटशी कसली घासाघीस करणार?
ती भाज्या निमूट काढून घ्यायची,
भांडायला घरी कुणी नसल्यासारखी.
(मी होतो. पण मी वरून काही देत नाही.)

माघात कालव्याचं आवर्तन लांबलं.
क्रेटमध्ये शेपूच्या दोन जुड्या, तीन लिंबं,
वहीचं फाडलेलं पान:
पाणी आलं नाही. वाटाणा मोरांनी खाल्ला. कुंदा.
मी फोन लावला. हिशोब तोंडपाठ होता,
आठवड्याचे इतके, जुडीचे इतके.
तिनं सगळा ऐकून घेतला.
"काका, वाटा घेतलाय ना?
मग मोरांनी खाल्लं, त्यातही एक तुमचाच."

रविवारी शालन स्वतःहून निघाली.
बांधावर उभी राहून आवाज चढवला,
"मोरांना वाटाणा आणि आम्हाला शेपू?"
कुंदाही कमरेला पदर खोचून उभी राहिली.
कालवा, वीज, मोर, टेम्पोचं डिझेल
सगळं निघालं.
शेवटी शालननं पिशवी झटकली, चालू लागली.
मी पावलं मोजत होतो.
चौथ्याला हाक आली, "ओ मावशी!"
आणि कुंदानं तिच्या पिशवीत कोंबला
बांधावरचा चाकवत,
कुणी न पेरलेला, कुठल्याच वाट्यात न धरलेला.
कितीतरी महिन्यांनी शालनच्या तोंडावर
बुधवार दिसला.

मी तेवढ्यात वाटाण्याचं एक पान खुडलं,
सवयीनं उजेडासमोर धरलं.
कड कुरतडलेली, मधोमध भोक,
आणि भोकातून पलीकडे
पोट भरलेला एक मोर,
पिसारा फरफटवत सावकाश चाललेला.
त्याचा वहीतला क्रमांक विचारावा
असं मनात आलं.