किक तेवढी राहू दे

इंजिन उतरवलं त्या दिवशी वरणगावात शेहेचाळीस होतं.
पोतं ओलं करून त्याच्यावर ठेवलं अंगणात.
सिंधूबाई वारके कुंपणावरून वाकल्या :
एवढंसंच होतं गं?
आणि सगळी आळी डोक्यावर घ्यायचं!

अण्णा खाटेवरून बघत होते.
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं
सुसरीच्या फिडरवर गेली, ऐंशी साली की ब्याऐंशी,
त्यावर त्यांचं नि आईचं शेवटपर्यंत जमलं नाही.
उरलेल्या तिनांनी मला दाखवत होते,
तो नट उलट्या आट्याचा आहे,
जोर नको लावू, आधी रॉकेल पिऊ दे त्याला.

बॅटरीची पेटी जुन्या कूलरच्या पत्र्याची.
वेल्डिंग शकील पिंजारीने मारलं, पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, माझ्या लग्नात रात्री दोनला
तुझ्या बापाने खांबावर चढून फेज आणला होता.

चोवीस सेल. एकेकाला मीटर लावला.
तीन पॉइंट दोन आठ. तीन पॉइंट दोन आठ.
सतरावा जरा मागे,
वर्गात असतोच तसा एक.
पान्याला टेप गुंडाळली,
बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या.
सोडचिठ्ठीवर सही केली तेव्हा नव्हत्या काढल्या.
बहात्तर व्होल्टसाठी काढल्या.

पहिल्यांदा चाक उलटं फिरलं.
अण्णा उठूनच बसले :
फेज बदल! कुठल्याही दोन वायरी!
थ्रेशर उलटा फिरला की गावोगाव हेच तर करायचो.
बदलल्या. चाक नुसतं थरथरलं
ताप भरल्यासारखं.
सेन्सरच्या बारीक वायरीही बदलाव्या लागतात हिच्यात,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा बदलल्या.
बाहेर आले तर चाक सुलट फिरत होतं.
बघ, म्हणाले.

एकच हट्ट धरला त्यांनी.
किक तेवढी राहू दे.
कशाला, अण्णा?
मग पाय काय करेल?
म्हणून मोटरच्या पट्टीला एक खुंटी जोडून किक बसवली.
तिच्यामागे काही नाही.
दाबली की खाली जाते,
सोडली की स्प्रिंग तिला वर आणते.

ऊन उतरल्यावर निघालो, ते मागे बसले.
चाळीस वर्षं या माणसाने पेट्रोल जाळून
गावांना लाईट पोचवली होती.
डावीकडे केळीच्या बागा, मागे दीपनगरच्या चिमण्या.
गाडीतला धूर काढून मी तिकडे देऊन टाकलाय
हे मला कळतं.
अण्णांना माझ्या आधीपासून.

तळवेलच्या वेशीवर कुत्री उठलीसुद्धा नाहीत.
पूर्वी म्हणे फाट्यावर राजदूत वाजली
की बायका चक्कीसाठी दळण काढून ठेवायच्या,
तोताराम वायरमन आला, आता लाईट येईल.
आज ओट्यावरच्या एका म्हातारीने
आम्ही पुढे गेल्यावर मान वळवली.

डीपीजवळ थांबव, म्हणाले.
उतरले नाहीत. कान तिरका केला.
आत तेल, तांबं आणि तो एकसुरी गुंगुं.
मी हळूच मूठ पिळली,
चाक हातभर सरकलं.
पुन्हा, म्हणाले.
पुन्हा सरकवलं.
काय ऐकलं ते बोलले नाहीत.
परतीच्या वाटेवर त्यांची तीन बोटं माझ्या खांद्यावर होती,
एरवी ते कॅरिअर धरतात.

रात्री चार्जिंगला लावली. अकराला लाईट गेली.
टॉर्चच्या उजेडात त्यांनी ती डायरी काढली,
जिच्यात एकोणऐंशीपासून
तारीख, लिटर, ऑइल, गाव.
लिटर खोडून वर लिहिलं, युनिट.
ऑइलच्या रकान्यात फुली.
गावाच्या रकान्यात तळवेल लिहिलं,
मग कामाच्या रकान्याशी पेन अडलं,
बराच वेळ.

झोप आता, मी म्हटलं.
सकाळी पाहिलं तर लिहिलं होतं :
तक्रार नव्हती. तरी जाऊन आलो.