धुण्याचा दगड

उस्तेच्या पुलापाशी मिनीबस आम्हाला उतरवते.
फोंडा शाखेतले सात जण, कॅशियरचा भाचा,
आणि नको नको म्हणत आलेली त्याची बायको.
हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीखाली बसत नाही.
झिलू माजीक तो खेचून देतो :
"बाय, हांसात. दात दिसूं दी न्हंयक."

ऑगस्टातली म्हादई,
दुधाचा हात आखडलेल्या चहाच्या रंगाची.
"फॉरवर्ड म्हणजे फॉरवर्ड," झिलू बजावतो,
"देवाचं नाव मागाहून."

दुसऱ्या उतारावर भाचा पडतो,
बुचासारखा वर येतो, चष्म्याशिवाय.
त्याची बायको हसते,
सकाळपासून पहिल्यांदाच.

पुढचा उतार माहितीपत्रकात छापलेला आहे :
वॉशिंग मशीन, श्रेणी तीन.
तिथे वल्हं माझ्या हातात होतं
एवढंच सांगता येईल.
नाकात पाणी, कोणाचा तरी कोपर,
आणि बावन्न वर्षांत कधी न काढलेला
माझाच एक आवाज.

मग अचानक कोंड. हिरवं, जड, थांबलेलं पाणी.
हे नाव कोणी ठेवलं, मी विचारते.
"कंपनीन," झिलू म्हणतो, आणि मागे बघतो.
"पूण सकयल फातर आसा."
मे महिन्यात तो उघडा पडतो, म्हशीच्या पाठीएवढा.
त्यावर त्याची आई गोधड्या आपटायची.
हा एक टोक घट्ट धरून उभा,
ती दुसऱ्या टोकाने पिळत यायची,
पिळत पिळत त्याच्या मुठीपर्यंत.

दोर धरून मी पाण्यात उतरते, पाठीवर पडते.
कान बुडाले की वरचं सगळं बंद :
भाचा, बँक, करमळीवरचा धनेश.
खाली गोटे घरंगळतायत,
लांबच्या घरात कोणी रात्रीची भांडी
घासत बसावं तसे.
कधीपासून चाललंय हे,
आणि मी आयुष्यभर पुलावरून गेले.

सोनाळला चहा, मिरचीची भजी.
पाणी शिरणार नाही म्हणून दिलेल्या पिशवीतून
माझी ओढणी निथळत निघते.
झिलू दुसरं टोक पकडतो.
दोघांचे पीळ एकाच बाजूला जातात,
कापड नुसतंच गरगरतं.

तो थांबतो. ओल्या बाहीने तोंड पुसतो.
"तुमी फकत धरात," म्हणतो,
"हांव पिळटां."