वगळून

बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत
सोसायटीचा संगणक आहे,
माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.
खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू असे गंजलेत
की उघडताना तपकिरीसारखी भुकटी पडते.

भरती-ओहोटीचं तयार पॅकेज घेतलं, ते चालेना.
कुणीतरी, कुठेतरी, गार खोलीत बसून
सगळ्यांसाठी शिवलेला एकच सदरा.
त्याला प्रिंटर हवा, ब्लूटूथ हवं,
तीन तऱ्हेचे कॅमेरे हवेत,
आणि आमच्या यंत्राची मेमरी
दुपारी बारालाच जेवून आडवी झालेली.

म्हणून मूळ सोर्स उतरवला.
दोन रात्री लागल्या. सर्जेकोटात रेंज
जेटीच्या टोकालाच येते;
मोबाइल रिकाम्या क्रेटवर उभा करून
मी बाजूला बसून डास मारले.

मग ती फाइल उघडली.
बांधणीचे पर्याय एकाखाली एक,
प्रत्येकाच्या कपाळी दोन आडव्या रेघा :
हे सोबत, ते वगळून.
हे चालू, ते बंद.
मला वाटलं होतं, फार शिकावं लागेल.
पण बांगडे साफ करताना सुरी जशी
न बघता चालते, तसा हात चालत गेला.
प्रिंटर वगळून.
ब्लूटूथ वगळून.
कॅमेरे तिन्ही.
ध्वनी वगळून, कारण बर्फ फोडायच्या मशीनपुढे
कोण काय ऐकणार?
एक ओळ कळलीच नाही, ती तशीच ठेवली.
उसवायला बसलं की माहीत नसलेली गाठ
आधी ओढायची नाही, एवढं मला येतं.

आवृत्तीच्या आकड्यापुढे ‘सर्जेकोट १’ जोडलं,
नाहीतर पुढच्या अपडेटला
वरून आलेला सदरा माझ्यावर चढेल पुन्हा.

साडेनऊला बांधणी लावली.
अकराला लाइट गेली.
पुन्हा लावली. पहाटे तीनला
त्र्याऐंशी टक्क्यांवर लाल ओळ :
एक लायब्ररी सापडत नाही.
सापडणार कशी, मीच वगळलेली;
बिनकामाची समजले,
आणि वाऱ्याचा अख्खा तक्ता
तिच्याच खांद्यावर उभा होता.
तिला परत बोलावलं. माफी मागायला
तिथे पर्याय नसतो.

सकाळी झालं. एवढंसं, हलकं,
बोट लावताच उघडणारं.
भरती अकरा बेचाळीस. वारा वायव्य.
मी पंखा बंद करून नुसती बघत राहिले.

पास्कू आला, डोळ्यांत मोतीबिंदू,
हातात पिळलेला पंचा.
खुर्ची ओढून पडद्यापुढे बसला,
मान वाकडी करून थांबला.
बराच वेळ थांबला.
“चेडवा, तां बोलता मा?
आधीचां बोलायचां.”

मी म्हटलं, आवाज काढून टाकला, जड होता.

“आतड्यांवांगडा गाबोळी पण उडयलंस?”

रागाने नाही. हसत म्हणाला,
आणि वाऱ्याचं काय ते विचारायला
जेटीवर दुसऱ्या कुणाला गाठायला गेला.

त्या रात्री पुन्हा ती फाइल.
ध्वनी सोबत.
पण मेमरीला खायला घालायचं तर
दुसऱ्या कुणाचं ताट उचलावं लागतं.
बघत बसले. शेवटी
नकाशाचे रंग वगळले.

बदलांची नोंद ठेवायची असते,
पुढे कुणी उघडलं तर कळावं म्हणून.
तारीख लिहिली, माझं नाव लिहिलं.
कारणाच्या जागी बरंच लिहून खोडलं,
आणि ठेवलं एवढंच :
आवाज परत. पास्कूसाठी.

‘सर्जेकोट २’ बोलतं.
वायव्यचा उच्चार त्याला जमत नाही,
प्रत्येक अक्षर दगडावर आपटून धुतल्यासारखं.
पास्कू रोज त्याला दुरुस्त करतो, मोठ्याने,
आणि ते रोज तसंच म्हणतं.

पडद्यावर आता समुद्र आणि जमीन
एकाच करड्या रंगात.
त्याला काही फरक पडत नाही.
मला मात्र अजून, बोट फिरवत,
किनारा शोधावा लागतो.