दुकान बंद करण्याआधी

शटर अर्धं खाली ओढलंय.
वेफर्सच्या खोक्यांमधल्या हातभर जागेत
जानमाज अंथरून इशा पढून घेतली.
आता हात पुढे केलेत, या अल्ला,
आणि सरळच मागतोय:
पैसा दे.

पूर्वी लाजायचो.
आधी ईमान, मग आईबापाची मगफिरत, मग पोरांची तब्येत,
आणि पैशाचं अगदी शेवटी, पुटपुटत,
मशिदीच्या दारात चपला शोधता शोधता.
पण आज सकाळपासून ह्या काउंटरवर बसून
मी लोकांच्या गॅसच्या कार्डात ऊब भरतोय.
पाच पौंडांची ऊब. तीन पौंडांची.
मिसेस एंटविसलनं सरकवले दोन,
सगळी चिल्लर, त्यात एक नाणं युरोचं.
मी ते पाहिलं नाही.
तू पाहिलंस.
म्हणाली, "शुक्रवारपर्यंत पुरेल ना, लव्ह?"
(इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, उधारी मागणाऱ्यालाही)
जणू तिचा मीटर माझ्याच खिशात फिरतोय.

जानेवारी आहे. ब्लॅकबर्नच्या टेकडीवरचा वारा
दारातल्या चटईखालून आत येतो
आणि कुणालाच भाव विचारत नाही.

माझी आई भात रांधायला घेतला की
एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची,
मदरशाच्या पोरांसाठी.
डबा तळाला गेला तरी
ती मूठ कधी लहान झाली नाही.
माझी मूठ तिच्याहून मोठी आहे.
मोठ्या मुठीला आवळायलाही जोर जास्त असतो,
हे मला इथे आल्यावर कळलं.

तुला ठाऊकच आहे, तरी सांगतो.
मागच्या वर्षी पाइप फुटला, माल भिजला,
विम्याचे अकराशे चाळीस पौंड आले.
अर्धे तुझ्या वाटेत, मी कबूल केलं होतं.
मग गाडीला टायर घेतले.
मग सुफियानला फोन.
मग टीव्ही, एवढा मोठा की
क्रिकेटचा चेंडू नारळाएवढा दिसतो.
उरले त्यातले वीस मी जुम्याला पेटीत टाकले,
आणि नोट अशी दुमडली की
दोन्ही बाजूच्या माणसांना
वीसचा आकडा वाचता यावा.

म्हणून ह्या वेळी मोघम मागत नाही.
पैसा दे, भरपूर दे,
पण देण्याआधी माझ्या खिशाला भोक पाड.
येताना तो तुझ्याकडून येऊ दे,
जाताना मला विचारू नको देऊस.
केलीच्या पोराच्या बुटातून पाणी आत जातं, तिथे जाऊ दे.
कासमभाई तिसरा महिना औषधाची चिठ्ठी खिशात घेऊन फिरतोय,
तिथे जाऊ दे.
उधारीच्या वहीतली काही पानं
मला आपोआप वाचता येईनाशी होऊ देत.
आणि मी मोठा दाता झालोय असं
मला एकदाही वाटू देऊ नकोस,
वाटलंच तर त्याच दिवशी
मला बाजारात हटकून माझा जुना सावकार भेटव.

आणि एवढं सगळं तुला जमायला
वेळ लागणार असेल, तर—

हे काय?
काउंटरवर, च्युइंगगमच्या बरणीमागे,
मिसेस एंटविसल आपलं कार्ड विसरून गेलीय.

तू ऐकतोस, हे ठाऊक होतं.
इतक्या लवकर ऐकतोस,
हे जरा अवघडच झालं.

यंत्र पुन्हा चालू केलं.
बोट आधी दहावर गेलं,
तिथेच थोडा वेळ थंड पडलं.
मग चाळीस.
उद्या तिला सांगेन, यंत्रात काहीतरी बिघाड होता.
ह्या खोट्याचा हिशोब तू ठेव,
मला जमणार नाही.

पडद्यावर प्रश्न आला: पावती हवी?

डावा हात शटरच्या साखळीवर होता.
उजव्यानं "नको" दाबलं.