हौदा

शोरूममधल्या पोराने विचारलं, "साहेब, वजन किती नेता?"
मी म्हटलं, वजनाचं नंतर बघू, आधी टेप आण.
त्याच्याकडे नव्हती. माझ्याकडे होती.
भवानी पेठेत तीस वर्षं काच विकणाऱ्याच्या खिशात
एखाद्या दिवशी पाकीट नसेल, टेप असतेच.

पहिल्या गाडीचा हौदा सात फूट दोन इंच.
आमची काच आठ बाय सहा.
म्हणजे दहा इंच बाहेर, शेपटीला लाल फडकं,
आणि वाघोलीच्या सिग्नलला मागे कोणीतरी घाईतला.
नको.

दुसरी दुहेरी केबिनची. पाच माणसं ऐसपैस,
मागे जे उरतं त्यात गाद्या-उशा न्याव्यात.
"फॅमिलीलाही होईल सर, महाबळेश्वर वगैरे."
शशिकला म्हणाली, "आणि हप्ते कोण भरणार, स्ट्रॉबेऱ्या?"

तिसरी नऊ फुटी, एकच केबिन.
हिच्यात घोडीवर काच निवांत उभी राहील.
ही.

डिझेल की सीएनजी, यात तीन रात्री गेल्या.
शशिकलाने जुन्या बिलाच्या पाठीवर मांडलं:
रोजचे सत्तर किलोमीटर, महिन्याला वाचतात इतके,
वजा पंपाच्या रांगेतले तास.
"तुमच्या तासाचे किती धरू?"
पेन तसंच धरून तिने विचारलं.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा प्रश्न पहिल्यांदाच.
मला सांगता येईना.
तिने शून्य लिहिलं नाही. जागा मोकळी सोडली.

डिझेल घेतलं.
लोकांना मी कात्रजच्या चढाचं कारण सांगतो.

पॉवर स्टिअरिंग घेतलं, उजव्या खांद्यासाठी.
एसी नाही. रंग पांढरा,
बाकीच्या रंगांना पैसे जास्त
आणि काचेला काय, तिच्यातून सगळंच दिसतं.

राहिला इरण्णा.
अकरा वर्षं भाड्याच्या टेंपोत तो मागे उभा,
एक हात दोरीवर, एक काचेवर,
खराडी बायपासची धूळ भुवयांत.
म्हटलं, आता पुढे बस. तिघांची सीट आहे.
"पुढून ऐकू येत नाही, मालक."

काच तडकायच्या आधी बोलते, असं त्याचं म्हणणं.
झोपेत कोणी दात खावेत तशी, बारीक.
लोक हसतात. मीही हसायचो.
पण अकरा वर्षांत फुटल्या एकूण चार,
त्यातल्या तीन तो अफझलपूरला गावी असताना.

मी पोराला विचारलं, हे कुठल्या मॉडेलात मिळतं?
त्याने यादीवरून बोट खालपर्यंत नेलं, परत वर आणलं.
"अ‍ॅक्सेसरीजमध्ये विचारतो सर."

केबिनच्या पाठीला वीतभर खिडकी, पक्की बंद,
वरून जाळी.
गाडी घरी आली त्या संध्याकाळी,
हार अजून बॉनेटवर, लिंबं टायरखाली चिरडलेली,
मी पान्याने जाळी उचकटली.
"अहो, वॉरंटी!" शशिकला ओरडली.
गेली असेल.
मापं बुकिंगच्या दिवशीच घेतलेली,
काच कापून, टफन करून दुकानात तयार.
दोन पट्ट्या, मखमली चॅनेल, बोटाने सरकेल इतकी हलकी.
लोकांच्या किती खिडक्या बसवल्या, हिशोब नाही.
या एकीचं माप मात्र मी तीनदा घेतलं होतं.

पहिली फेरी नऱ्ह्याला. बारा काचा.
इरण्णा पुढच्या सीटवर,
नव्या गाडीत पाय कसे ठेवायचे म्हणून
चपला मांडीवर घेऊन.
नवले पुलाच्या उताराला त्याने खिडकी सरकवली,
मान वळवून कान लावला.
मी गिअर खाली घेतला, रेडिओ बंद केला.
मागून ट्रकवाले हॉर्न देत होते.

"काय म्हणते?"

"थांबा की," तो म्हणाला,
"अजून ओळख नाही झाली."