भूलवाल्या बाई यंत्र घेतात

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात.
त्यातल्या एकावर, समयांच्या दुकानाला लागून,
मल्लिनाथ बिराजदार वाट दाखवणारी यंत्रं विकतो.
ते दुकान सापडेपर्यंत मी गोलाईला दोन फेऱ्या मारल्या.
सांगितलं तर हसला. म्हणाला, म्हणूनच तर, मॅडम.

काचेवर तीन मांडली.
एकाचा पडदा ताटाएवढा, त्यात हॉटेलं, पंप, एटीएम,
गाडी उभी असेल तर सिनेमासुद्धा.
दुसऱ्यातल्या बाईला मराठी येते,
पण धारूर ती असं म्हणते
की मला वाटलं एखादं नवं इंजेक्शन आलंय.
तिसरं काळं, जाड, धुण्याच्या साबणाच्या वडीसारखं.
त्याच्याबद्दल मल्लिनाथ फार बोलला नाही.

कव्हर घ्यायला आलेला एकजण म्हणाला,
फोनवर फुकटात असतंय की हे सगळं.
असतं.
आडसच्या पुढं रेंज जाईपर्यंत असतं.
घाटात फोन म्हणजे फक्त बॅटरी.

त्याला काय सांगू,
की मी अंबाजोगाईहून निघते तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो,
मागच्या सीटवर सुयांचा डबा खुळखुळतो,
आणि कुठल्यातरी वीस खाटांच्या दवाखान्यात
एक बाई टेबलावर, तिच्या पोटात बाळ आडवं,
डॉक्टर ताहेरा हातमोजे घालून उभ्या.
सगळे माझी वाट बघत असतात
आणि मी वाट शोधत असते.

फोनवर त्या बाईचा दीर:
‘बाई, येऊलालाव न्हवं?
चिंचंपासून डाव्या अंगाला वळा,
टाकी दिसंल, टाकी सोडून द्या.’
चिंच रुंदीकरणात गेली. त्यालाही ठाऊक आहे,
तोडली तेव्हा फांद्या त्यानंच घरी नेल्या असतील.
जिभेवर मात्र ती अजून उभी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री
एकच जिनिंग मला तीनदा भेटली.
दीर म्हणाला, चकवा हाय तिथं, जरा थांबा, पाणी प्या.
एम. डी. झालेली मी, थांबले. पाणी प्याले.
इंजिन बंद केलं, दिवे बंद केले,
तेव्हा कुठंतरी उजवीकडं जनरेटर ऐकू आला.
गावात लाईट नव्हती, म्हणजे तो दवाखानाच.
आवाजाच्या मागं मागं गेले.
मणक्यात सुई द्यायला वेळ उरला नव्हता, पूर्ण भूल दिली.
बाळ रडलं.
थोडं उशिरा रडलं.

मी मल्लिनाथला म्हटलं, तिन्हींत पिंपळगाव टाक.
ताटानं आम्हाला थेट नाशिककडं काढलं.
मराठीवाली म्हणाली, असं ठिकाण नाही.
साबणाची वडी जरा वेळ गप्प राहिली,
मग एकोणीस नावं लावून विचारलं: कुठलं?

हे दे, मी म्हटलं.
तो म्हणाला, ह्याला रंग कमी आहेत, मॅडम.
असू दे.
माझ्या धंद्यात आधी विचारायचं असतं.
शेवटचं कधी खाल्लंत, कशाचं वावडं आहे,
दात हलतो का एखादा.
न विचारता पुढं जाणाऱ्यांबरोबर
मी काम केलंय. एकदाच.

पावती झाली, काचेला चिकटवायचा पेला फुकट मिळाला.
आधी घर टाका, तो म्हणाला, सगळे आधी घर टाकतात.
मी जनरेटरवालं गाव टाकलं. घर येतं मला.

पूर्ण भुलीतून वर येताना बाया पहिल्यांदा विचारतात,
मी कुठंय?
मी गावाचं नाव सांगते,
खुर्द की बुद्रुक त्यासकट.

गोलाईतून निघताना तिनं डावीकडं सांगितलं,
मला बोरं घ्यायची होती, मी उजवीकडं वळले.
ती थांबली.
मग तिथूनच पुढचं सांगायला लागली.
रेणापूरजवळ म्हणाली, सरळ जा.
रस्ता सरळच होता,
तरी बरं वाटलं.