उजवा कान

चाळीस वर्षं जैतापूरच्या बंदरात
लोकांच्या होड्यांच्या फटी बुजवल्या.
कापसाचं सूत, राळ, तेल,
आणि हातोडीच्या आवाजावरून कळायचं
फट भरली, का अजून पाणी पितेय.
ते ऐकायला डावा कान.
उजवा सातवीत असल्यापासून गळका.

आईनं लसूण तेलात कढवून ओतली.
खाडीचं पाणी गेलंय म्हणाली, निघेल.
निघालं. निघतच राहिलं.
उशीवर पिवळा डाग, त्याचा वास.
लग्नाच्या फोटोतसुद्धा कानात बोळा आहे,
मुंडावळ्यांनी झाकलेला.
मला दिसतो.

रत्नागिरीच्या खातू डॉक्टरीणबाईंनी
टीव्हीवर दाखवलं: पडद्याला भोक,
भोकामागं कुरतडलेलं हाड.
"कानामागचाच पापुद्रा घेऊन ठिगळ लावू.
पण आधी आतली घाण खरवडायची."
म्हटलं, बाई, बरोबर आहे.
सडकी फळी तशीच ठेवून वरून राळ फासणारे
आमच्यातही आहेत.
त्या हसल्या, मग सही घेतली.

परतीची एस.टी. पावस, पूर्णगड, आडिवरे,
प्रत्येक खड्डा टाक्यांनी वेगळा मोजला.
नाक शिंकरायचं नाही.
शिंक आली तर तोंड उघडून.
डोक्यावरून पाणी नाही, ओझं नाही,
बंदरावर तर नाहीच.
महिनाभर माशाला तांब्याच्या पैशाची चव.
कुंदा म्हणाली, अहो, बांगडा ताजाच आहे.
असेल.
जिभेची एक शीर कानातून जाते
हे आमच्या घरी कुणाला माहीत?

रात्री आत काहीतरी फुटायचं,
ओहोटीला खाजणात चिखल फुटतो तसं,
फुट्, फुट्,
मग बराच वेळ काही नाही.

सातव्या आठवड्यात बाईंनी
आतलं उरलंसुरलं नळीनं ओढून घेतलं.
नळी बंद केली
तर खोलीत पंखा होता.
घरी आलो तर वाशावर पाल होती,
ती बोलते हे मी विसरलो होतो.

"येतं का हो ऐकू?" कुंदानं डावीकडे येऊन
ओरडून विचारलं.
म्हटलं, थोडंसं.
का तसं म्हटलं, माहीत नाही.

दिवा मालवल्यावर ती उजवीकडे पडली,
तीस वर्षं पडते तशी,
आणि त्या कानाशी बोलू लागली.
हळू. भिंतीशी बोलावं तसं.
प्रथमेशची पुण्याची नोकरी सुटलीय,
यांना सांगू नको म्हणालाय.
पाटल्या अजून पेढीतच आहेत.
गुडघा आज बरा होता.
आणि हा माणूस झोपेतसुद्धा हातोडी मारतो,
बोटांनी, चादरीवर.

मी श्वास लांब केला.
मग चादरीवर बोटांनी
दोन ठोके दिले.
ती थांबली.
पांघरूण माझ्या खांद्यावर ओढलं
आणि पुढचं सांगू लागली.